पुठ्ठ्यातली मुळं

कारंज्याच्या निजामुद्दीन जिल्दवाल्याचा एक कायदा होता, आणि तो त्याच्या बापापासून चालत आला होता. पुस्तकाचा पुठ्ठा जाड करायचा तर रद्दी कागदाचे चार-सहा थर खळीने एकावर एक चिकटवावे लागतात. त्या रद्दीत उर्दू कागद घालायचा नाही, कुठे अल्लाचं नाव असेल; मराठी बालबोधही घालायचा नाही, कुठे रामाचं असेल. राहिली इंग्रजी. कापसाच्या गाठींच्या चिठ्ठ्या, कचेरीचे जुने फॉर्म, बियाण्यांच्या जाहिराती. त्यात कसला देव सापडतोय! इंग्रजी कागद बिनदिक्कत खळीत जायचा. कायदा नेकीचा होता, पण त्याच कायद्याने निजामुद्दीनचा घात केला.

साल एकोणीसशे छत्तीस. भादव्यात मनकर्णा त्याच्या दुकानात आली. इंझोरीच्या बबनराव पाटलांची ही पोर, सोळा वर्षांची, कारंज्याला मावशीकडे राहून इंग्रजी शिकायची. तिच्या हातात शिसपेन्सिलीने लिहिलेले सुटे कागद होते.

"चाचा, याची वही बांधून द्या."

"यात काय हाय बाई?"

"मुळं."

"कायची? जडीबुटीची?"

ती खळखळून हसली. मास्तरांनी तिला लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतली अठरा मुळं दिली होती. एका पानावर एक मूळ, आणि त्याला फुटलेले इंग्रजी शब्द. "आता हेच पाहा. पोर्ट म्हंजे वाहून नेणं. टेसनावरचा पोर्टर, गाठीवर छापते ते एक्सपोर्ट, ठाण्यातला रिपोर्ट. एक मूळ धरलं का सारे मांगंमांगं येते."

"अन् ही लॅटिन बोलते कोण?"

"कोणीच नाई. बोलणारे कवाच मेले. पण तिचे शब्द अजून बोलून राह्यले ना चाचा, दुसऱ्याच्या तोंडातून."

निजामुद्दीनला इंग्रजी अक्षरं येत होती ती फक्त नक्षीसारखी. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी नाव उठवायचं तर अक्षर ओळखावं लागतं, अर्थाशी काय घेणं? तीस वर्षं तो ती नक्षी उठवत होता आणि आज कुणीतरी सांगत होतं की तिच्या आत काही आहे. त्याला ते फार आवडलं. ती लागोपाठ तीन दुपारी आली, दोन-चार मुळं त्याच्याकडून घोकून घेतली, आणि मग आली नाही.

दिवाळी गेली. पौषात वाचनालयाची वीस पुस्तकं बांधायला आली आणि नेमकी इंग्रजी रद्दी संपली. निजामुद्दीनचा हात फळीवर बांधायच्या राहिलेल्या मनकर्णेच्या कागदांकडे गेला. बापाने लग्न ठरवलं असेल, आता कुठली येते ती, असं त्याने मनाला समजावलं. मन पुरतं समजलं नव्हतं, हेही खरं. पहिल्या पानावर अठरा मुळांची यादी होती आणि समोर मराठी अर्थ होते, म्हणून ते पान कायद्याने वाचलं. मागची अठरा निव्वळ इंग्रजी. ती खळीत गेली.

चैत्रात बबनराव आले. धिप्पाड माणूस, पण दुकानाच्या पायरीवर असा बसला की निजामुद्दीनला आधी ओळखूच आला नाही.

"निजामभाई, माह्या पोरीची वही तुमच्याकडं हाय म्हणे. तिच्या मावशीनं परवा सांगतलं."

"हाय ना. मनकर्णाबाई कुठं हाय?"

"गेली ती. आश्विनात. मुदतीचा ताप." बबनराव जमिनीकडे पाहत होते. "तापाच्या भेवानं तिचं सारं जाळलं आमी. आता तिची आई खाट सोडत नाई. तिच्या हातची एक ओळ दाखवा म्हणते. ती वही तेवढी राह्यली."

खरं सांगायची हीच वेळ होती. निजामुद्दीनची जीभ मात्र भलतंच बोलून गेली. "बांधून राह्यलो पाटील. महिनाभरात घरी आणून देतो."

त्या दिवशी जोहरची, दुपारची नमाज पढून तो खळ ढवळायला बसला, आणि रिकाम्या दुकानात कुणीतरी घोकू लागलं. "पोर्ट." जरा थांबून पुन्हा, "पोर्ट." आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही. तो खळ तशीच टाकून उठला. आत जाऊन बिस्मिल्लाला, आपल्या बायकोला, विचारलं तर ती म्हणाली, "मले तं काईच नाई ऐकू येत. लेकरानं भरवशानं ठेवलेली अमानत खाल्ली तुमी. तेच बोलून राह्यलं तुमच्या कानात."

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला. तिथल्या शालिग्राम कारकुनाला म्हणाला, की खळीत मोरचूद टाकायला विसरलो, पुस्तकांना कसर लागेल, पुठ्ठे नव्याने घालून देतो. तीस वर्षांत मोरचूद न विसरलेला माणूस! शालिग्रामने ही गोष्ट बाजारभर केली. लोक हसले. निजामुद्दीनने हसू दिलं.

मग रोज दुपारी एक पुस्तक. पुठ्ठा कोमट पाण्यात भिजवायचा, थर सुटू द्यायचे, कागद बोटाच्या नखाने अलगद वेगळा करायचा. शिसपेन्सिल होती म्हणून अक्षर टिकलं. शाई असती तर सगळं संपलं होतं. हे पान तिचं की कुणा वकिलाचं, हे तो यादीतल्या मुळाशी ताडून बघायचा. पान निघालं की तो आवाज त्या मुळाचे सगळे शब्द शेवटपर्यंत म्हणायचा आणि ते मूळ गप्प व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुढचं. "स्क्रिब." लिहिणं. "ऑडी." ऐकणं. "पेड." पाय. भीती होतीच, पण त्या भीतीत तो तिच्यामागून म्हणूही लागला. एकदा बिस्मिल्ला चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. नवरा डोळे मिटून इंग्रजी बोलत होता, पोरीच्या चालीत. चहा तिथेच ठेवून ती मागे फिरली.

विसावं पुस्तक सुटलं. चाळीस पुठ्ठे झाले आणि पानं भरली सतरा. यादीतलं शेवटचं मूळ तेवढं कुठेच नव्हतं. व्होक, हाक मारणं. आता रोज दुपारी तो एकच शब्द यायचा. "व्होक." मग ती थांबायची, कुणी पुढचं म्हणेल म्हणून वाट बघितल्यासारखी. निजामुद्दीनला पुढचं येत नव्हतं. या मुळाचं पान त्याने तिच्याकडून घोकलंच नव्हतं. तो कानावर हात ठेवायचा, आणि आवाज हातांच्या आत असायचा.

महिना भरला. यादी आणि सतरा पानं नीट बांधून तो इंझोरीला गेला आणि पाटलांच्या ओसरीवर उभ्याउभ्याच सगळं ओकला. बबनरावांचा हात उगारला गेला.

"माह्या लेकीचे कागद पुठ्ठ्यात? अन् महिनाभर खोटं बोलला मले?"

"मारा पाटील. माहं चुकलंच."

"त्याईले आत येऊ द्या," आतून सोजरबाईंचा, मनकर्णेच्या आईचा, आवाज आला.

त्या खाटेवर होत्या, हाडांचा नुसता सापळा. वही घेऊन त्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं. त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. तरी त्या पानं उलटत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. निजामुद्दीनने मान खाली घातली, तेव्हा त्याला उशाशी ठेवलेली पोथी दिसली. निळं कापड, गोल कापलेला कोपरा. बांधणीचा हात त्याचाच.

"ही पोथी..."

"गड्यासंगं बांधायले धाडली होती पौषात," बबनराव म्हणाले. "कुठं बांधली त्यानं, आमी नाई विचारलं."

पौषात. त्याच खळीतली. निजामुद्दीन खाली बसला. "पाटील, अठरावं पान यात हाय." त्याने खिशातून कागद कापायची सुरी काढली.

सोजरबाईंनी पोथीवर हात ठेवला. "थांबा भाऊ. हिले नोका कापू." त्यांनी पोथी जवळ ओढली. "दुपारी मी ही छातीवर घेऊन पडली का, पोरगी कानात घोकत राह्यते. मले वाटे माहं डोस्कं फिरलं, म्हून सांगतलं नाई कोणाले. पयला शब्द मले कवाच ऐकू येत नाई, तेवढी जागा कोरी राह्यते. बाकीचे येते."

निजामुद्दीन हळूच म्हणाला, "व्होक."

आणि त्या निरक्षर बाईने, जिने आयुष्यात इंग्रजीचं अक्षर गिरवलं नव्हतं, डोळे मिटून, पोरीच्या चालीत पुढचं म्हटलं, "व्होकल. ॲडव्होकेट. प्रोव्होक. रिव्होक. व्होकॅब्युलरी."

बबनराव दाराला धरून उभे होते.

"भाऊ," सोजरबाईंनी विचारलं, "पयल्या शब्दाचा अर्थ काय?"

"हाक मारणं."

सोजरबाईंनी पोथी उचलून कानाशी धरली.

"ओ, मनू," त्या म्हणाल्या. "ओ, माय."