झाडं काढायचा रविवार

रविवारी सकाळी सेक्रेटरी फाउस्तोची शिट्टी वाजली, की प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ-फावडं घेऊन बाहेर पडायचा. याला ते फाएना म्हणत. लिमा शहराच्या कडेला, उघड्याबोडक्या टेकडीवर वसलेल्या त्या वस्तीत आयतं कोणी काही आणून दिलं नव्हतं. पायऱ्या, टाकी, भिंती, सगळं फाएनातून उभं राहिलेलं. नियम एकच: सभेत हात वर करून जे ठरेल ते सगळ्यांचं. विरोधात हात वर केलेला असला, तरी रविवारी कुदळ घेऊन यायचंच.

हा नियम पाळवून घ्यावा तर साबिनानंच. वस्तीच्या माथ्यावर मोये नावाची, कमी पाण्यावर तगणारी झाडं लावायचं ठरलं, तेव्हा रुफिनो भर सभेत म्हणाला होता, "झाडं काय उकडून खायची?" रविवारी तो आला नाही, तशी साबिना त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रुफिनो, ऊठ. नाहीतर अंथरुणासकट वर नेईन."

"मी नको म्हणून हात वर केला होता, दोन्या साबिना!" वस्तीत मोठ्या बाईला मानानं दोन्या म्हणत.

"केला होतास ना? मोजला. आता पायात बूट घाल."

कुरकुरत का होईना, रुफिनोनं रोपं वर वाहिली.

तिथं पाऊस पडत नाही. हिवाळ्यात धुकं येतं आणि दगड ओले करून निघून जातं. पाण्याचा टँकर खालच्या रस्त्यापर्यंतच यायचा. मग पोरांच्या अंघोळीचं, कपड्यांचं पाणी बादल्यांत भरून वर न्यायचं. साबिना पोरांना शिकवायची, "एकदम ओतू नका रे, ठसका लागतो त्याला. थोडं घाला, थांबा, प्यायलं की मग पुन्हा घाला." पोरं झाडाकडे टक लावून, प्यायलं का म्हणून बघत बसायची. बारा वर्षांत ती पोरं बापे झाली आणि झाडं घरांच्या पत्र्यांहून उंच झाली.

आता त्या पोरांना घरं हवी होती.

साबिनाचा मुलगा एल्मर, त्याची बायको रोसमेरी आणि दोन लेकरं, सगळी साबिनाच्याच एका खोलीत, पडद्याच्या पलीकडे झोपत. गुरुवारच्या सभेत एल्मरच उठून उभा राहिला.

"टेकडीपलीकडच्या लोकांनी वरची जागा धरायला खुंट्या मारायला सुरुवात केलीय. आज ना उद्या ते झाडं तोडून चटयांच्या झोपड्या घालतीलच. मग आपणच का नाही? जागा आपल्या पोरांना मिळेल."

"खुंट्या उपटता येतात," साबिना म्हणाली. "मागं दोनदा उपटल्या."

"आणि रोज रात्री पहारा कोण देणार, आई? तू?"

"देईन."

कोणीतरी हसलं. रोसमेरी खाली मान घालून म्हणाली, "आई, तुम्हीसुद्धा चटई टाकून नि झेंडा रोवूनच इथली जागा धरलीत ना? तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का, टेकडीला काय वाटतं?"

सूनबाई खोटं बोलत नव्हती. साबिना स्वतः पोटुशी असताना याच उतारावर चार काठ्या रोवून बसली होती.

"इथं दुसरी जागा नाहीच का?" तिनं फाउस्तोला विचारलं.

"बाकी सगळा कडा आहे, दोन्या. सपाट तेवढीच. झाडांनीच धरून ठेवली म्हणून सपाट राहिली."

हात वर झाले. मोजायची गरजच नव्हती. विरोधात साबिनाचा हात, आणि कोपऱ्यातून आणखी एक: रुफिनोचा. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"काय करणार," तो म्हणाला, "म्हातारपणी सावलीची सवय लागली."

रविवारी शिट्टी वाजली. साबिना भिंतीला टेकवलेली कुदळ उचलू लागली, तसा एल्मर आडवा आला.

"तू राहा गं घरी. घरटी एक माणूस लागतो. मी जातो."

"तुझं घर अजून व्हायचंय. या घरातून मी जाते."

"आई, हट्ट कशाला? कोणी तुला बोलणार नाही."

"म्हणूनच जाते. मी राहिले, तर ज्यांना ज्यांना दारातून ओढून नेलं, त्यांना काय सांगू?"

वर प्रत्येकाला एकेक पट्टा नेमून दिला होता. साबिनानं आपल्या पट्ट्यातल्या पहिल्या झाडाभोवती खणायला घेतलं. मुळं शाबूत निघाली, तर खाली कुठेतरी लावता येईल, असं तिच्या मनात होतं. पण मूळ खाली खाली गेलेलं, दगडांच्या फटीत शिरलेलं. कंबरभर खणलं तरी संपेना. शेवटी ते तिनंच तोडलं. तुटल्या मुळाचा मिरीसारखा वास तिच्या हातांना लागला. बुंध्याभोवती वीतभर काळी माती झाली होती, साऱ्या टेकडीवर नसलेली. तिनं ती बाजूला ओढून ठेवली. मागून येणाऱ्यांनी जागा सपाट करताना ती दगडांबरोबर उतारावर लोटून दिली. खाली जाता जाता तिची धूळ झाली.

"हे एक राहू दे, दोन्या," रुफिनो शेजारच्या पट्ट्यातून म्हणाला. "कडेला आहे. कोणाच्या आड येत नाही."

साबिनानं फाउस्तोकडे पाहिलं. फाउस्तोनं घरांच्या हद्दी आखायला ताणलेल्या दोरीकडे पाहिलं. दोरी झाडाच्या अलीकडून जाऊ शकली असती. पण मग एका घराची भिंत आत सरकली असती, आणि ते घर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एल्मर दोरीचं टोक धरून उभा होता.

"ठरलं ते ठरलं," साबिना म्हणाली आणि कुदळ उचलली.

दुपारी बायकांनी बटाट्यांचं मोठं पातेलं वर आणलं. फाएनाचं जेवण नेहमी झाडांखाली व्हायचं. लोक ताटल्या घेऊन इकडेतिकडे पाहू लागले. मग उन्हातच, उभ्या उभ्या, ताटलीवर धूळ पडू नये म्हणून एक हात आडवा धरून सगळे जेवले. साबिनानं बटाटा हातात घेतला, पण हाताला अजून मुळाचा वास येत होता. तिनं ताटली रुफिनोला दिली आणि उरलेल्या पट्ट्याकडे वळली.