रंगाची जाडी

लुडगर टेन्हागनची गाडी मी दोनदा तपासली. एकदा त्याने ती घेतली तेव्हा आणि एकदा तो ती विकायला निघाला तेव्हा. मध्ये दोन वर्षं गेली.

गाड्या तपासून त्यांची किंमत ठरवणं हा माझा धंदा. लुडगर आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे त्याने लाकडी जिने बनवायचा कारखाना काढला आणि तो चांगला चालला. छप्पन्नाव्या वर्षी त्याने ती गाडी घेतली. कंपनीने तसल्या तीनशेच काढल्या होत्या. रंग त्याने स्वतः सांगून करून घेतला, चेरी पिकून अगदी काळी पडते तसा. सावलीत गाडी काळी दिसायची, उन्हात आतून लाल पेटायची.

"अरे, चंदेरी घे नाहीतर सरळ काळी घे," मी त्याला म्हटलं होतं. "असल्या रंगाला उद्या गिऱ्हाईक मिळत नाही."

"विकायला कोण घेतंय, गेरो?"

असं म्हणाला खरा, पण पहिल्या दिवसापासून त्याला किमतीचाच घोर. चालवली की किंमत उतरते, म्हणून चालवायचा नाही. महिन्यातून एकदा, तेही कोरड्या रविवारी, कालव्यापर्यंत जाऊन यायचा आणि किलोमीटरचा आकडा वहीत टिपायचा. त्याच्या बायकोला, मेख्टिल्डला, त्याने कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तीस वर्षं त्या कारखान्याचे ट्रक आत-बाहेर करणारी बाई ती. एकदा जेवणाच्या टेबलावर ती मला म्हणाली, "माझी किंमत लग्नाच्या दिवशीच उतरली, गेरो. हिची अजून उतरायची आहे, म्हणून तिला जपतात." आम्ही सगळे हसलो. लुडगर सगळ्यात मोठ्याने हसला.

मग कंपनीने त्याहून वेगवान अशा आणखी पाचशे गाड्या काढल्या आणि लुडगरच्या गाडीचा भाव घसरायला लागला. चंदेरी आणि काळ्या गाड्या तग धरून होत्या, गडद रंगाच्यांना कोणी विचारेना. शेवटी बेल्जियममधल्या अँटवर्पचा एकजण भेटला. त्याला नेमका तोच रंग हवा होता. फक्त सगळा रंग मूळचा आहे, असा माझ्या सहीचा अहवाल पाहिजे, एवढीच त्याची अट.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी गेलो. गॅरेज दिवाणखान्यासारखं स्वच्छ होतं. रंगाची जाडी मोजायचं माझं यंत्र काडेपेटीएवढं आहे. पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं; मूळचा रंग शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. छत, एकशे दहा. दरवाजे, एकशे चौदा. पुढचं डावं मडगार्ड, एकशे बारा. पुढचं उजवं, दोनशे सत्त्याऐंशी. मी यंत्र पुसून पुन्हा टेकवलं. कडेला तर तीनशे चाळीस.

"काय झालं?" लुडगरने विचारलं.

"हे मडगार्ड पुन्हा रंगवलंय. काम झकास आहे, डोळ्याला कळणार नाही. पण आतमध्ये पोचा बुजवायला लांबी भरलीय."

लुडगरचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मला विकतानाच फसवलं! ठोकलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली. कोर्टात खेचतो त्यांना!"

मी पिशवीतून जुना अहवाल काढला. "लुडगर, तू गाडी आणलीस त्या आठवड्यात इथे एकशे अकरा होतं. मीच मोजलं होतं. जे झालं ते तुझ्याकडे आल्यावर झालंय."

तेवढ्यात मेख्टिल्ड कॉफी घेऊन आली होती. दारातच उभं राहून तिने सगळं ऐकलं. तिने ट्रे कामाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आलोइसला मी मारलं."

आलोइस एल्पर्स आमच्या गावचा पोस्टमन होता. निवृत्त झाला तरी सायकल सुटली नव्हती. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, शेतातल्या रस्त्यावर त्याला कोणीतरी उडवलं आणि पळून गेलं. दूध न्यायला आलेल्या टँकरवाल्याला तो खड्ड्यात सापडला. अकरा दिवस दवाखान्यात बेशुद्ध पडून होता, मग गेला. सायकलवर गडद रंगाचा एक ओरखडा होता. पोलिसांनी आमच्या भागातली सगळी गॅरेजं पालथी घातली, काळ्या आणि तपकिरी गाड्या तपासल्या. लुडगरच्या गाडीचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. ती फक्त लुडगर चालवतो हे शेंबडं पोरही सांगेल, आणि लुडगर तर त्या वेळी गुडघ्याचं ऑपरेशन करून दवाखान्यात पडलेला.

मेख्टिल्डने उभ्या उभ्याच सांगितलं. संध्याकाळचे सात वाजले होते, लख्ख ऊन. तिला फक्त एकदा चालवून बघायची होती. बहिणीच्या गावापर्यंत गेली, बहीण घरी नव्हती, म्हणून परत फिरली. सूर्य समोर आला. तिला सायकल दिसलीच नाही, नुसता आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती जर्मनीची सीमा ओलांडून हॉलंडमध्ये गेली. तिथल्या एका रंगाऱ्याने काही न विचारता चार दिवसांत मडगार्ड नीट करून दिलं.

मी लुडगरकडे पाहिलं. मला वाटलं तो ओरडेल. तो स्टुलावर बसला आणि गुडघ्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "चौऱ्याण्णव."

"काय चौऱ्याण्णव?"

"दवाखान्यातून आलो तेव्हा वहीतल्या आकड्यापेक्षा चौऱ्याण्णव किलोमीटर जास्त होते." तो बायकोकडे बघत नव्हता. "मी तुला विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?" मेख्टिल्ड म्हणाली.

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

मेख्टिल्ड त्याच्याकडे बघत राहिली. दीड वर्ष ती एकटीच हे वाहते आहे अशी तिची समजूत होती. आणि हा रोज तिच्यासमोर बसून पावाला लोणी लावत होता.

"गेरो," लुडगर मला म्हणाला, "तिथे एकशे बारा लिही. गाडी बेल्जियमला जाईल, परत कोणी बघणार नाही. आलोइस काही परत येत नाही."

मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण "मंगळवारी अहवाल देतो" असं पुटपुटून मी बाहेर पडलो. आणि लपवण्यात अर्थ नाही, रविवारी दुपारी मी तो अहवाल लिहिला. उजवं मडगार्ड, एकशे बारा. छापला, सही केली, टेबलाच्या खणात टाकला. लुडगरच्या आईने मला लहानपणी जेवू घातलं होतं. मेख्टिल्ड माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारात रोज सूप घेऊन यायची. मी स्वतःला हेच सांगत होतो.

मंगळवारी सकाळी मेख्टिल्ड चालत माझ्या घरी आली. जाड कोट, हातात पर्स, चर्चला जाताना घालते ते बूट.

"मला तो कागद दे," ती म्हणाली. "पोलिसांकडे जातेय. नुसतं बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही तर?"

मी खण उघडला नाही. "जरा थांब. नवीन लिहितो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. "तूसुद्धा लिहिलास होय," एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली. मी खरे आकडे टंकले. जुना कागद तिच्यासमोरच फाडला. तिने तिकडे लक्षही दिलं नाही.

"आधी ॲनेकडे जायचंय," ती म्हणाली. "सोबत ये. मी मधूनच परत फिरेन, मला माहितीये."

ॲने म्हणजे आलोइसची बायको. आलोइस गेल्यापासून मेख्टिल्ड तिला दर गुरुवारी डॉक्टरकडे नेत होती, तिचा बाजार आणून देत होती. गावाला वाटायचं, काय मन आहे बाईचं. ॲनेने दार उघडलं आणि खुश झाली. "अगं, आज मंगळवार ना? आणि गेरोला कशाला धरून आणलंस?"

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मेख्टिल्डने कोट काढला नाही. तिने एका दमात सांगून टाकलं, काही वगळलं नाही, काही सजवलं नाही. ॲने सफरचंदं सोलत होती. सुरी हातातच राहिली.

मग ॲनेने विचारलं, "तू खाली उतरलीस?"

"हो."

"किती वेळ थांबलीस?"

"दोन मिनिटं असतील."

"तो शुद्धीवर होता?"

"होता."

"पोलीस म्हणाले, चाळीस मिनिटं पडून होता. काही बोलला का तुझ्याशी?"

मेख्टिल्डने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"पाणी मागितलं," मेख्टिल्ड म्हणाली.

"दिलंस?"

"नाही."

ॲनेने सुरी टेबलावर ठेवली. सोललेल्या सफरचंदांचं भांडं पुढे ओढलं, परत मागे सरकवलं. "डॉक्टर म्हणाले होते, लवकर आणलं असतं तर वाचला असता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दीड वर्ष मी तुझ्या शेजारी बसून गाडीतून जात होते. रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव घेत होते, मेख्टिल्ड. आता जा. पोलिसांकडे जा नाहीतर कुठेही जा, पण माझ्या घरात थांबू नकोस."

मी मेख्टिल्डला पोलीस ठाण्यावर सोडलं. तिथल्या तरुण पोलीस बाईला आधी वाटलं की तिचं काहीतरी हरवलंय.

कोर्टाने तिला दोन वर्षं तीन महिन्यांची कैद दिली. हॉलंडच्या रंगाऱ्याला काही आठवत नव्हतं. लुडगरला कायद्याने काही झालं नाही, कारण नवऱ्याने बायकोला प्रश्न न विचारणं हा गुन्हा नाही. मी तीन दिवस काय केलं ते मी साक्षीत सांगितलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर माझं काम निम्म्यावर आलं. बरोबरच आहे. ज्याच्या आकड्यावर भरवसा नाही त्याला कोण बोलावणार?

गाडी पुरावा म्हणून पोलिसांच्या आवारात उघड्यावर राहिली. दोन हिवाळे तिने तिथेच काढले. सुटली तेव्हा अँटवर्पच्या माणसाने ती एक तृतीयांश किमतीला मागितली, आणि लुडगरने घासाघीस न करता देऊन टाकली. ते पैसे घेऊन तो ॲनेच्या दारात गेला होता. तिने दार उघडलं नाही.

गेल्या महिन्यात त्याचा गुडघा पुन्हा सुजला, म्हणून तुरुंगात भेटीच्या दिवशी मी त्याला घेऊन गेलो. तासाभराची वाट होती. तुरुंगाची भिंत दिसल्यावर लुडगर म्हणाला, "एकदा दिली असती तिला चालवायला, गेरो. एखाद्या रविवारी. मी शेजारी बसलो असतो. मग मी दवाखान्यात असताना तिने ती काढलीच नसती."

"नसती काढली," मी म्हटलं. "पण आलोइसला खड्ड्यात सोडून ती निघाली, त्याचं काय?"

"ते मी तिला विचारतो दर वेळी," लुडगर म्हणाला. "ती म्हणते, मला वाटलं, आता गाडीचं कळलं तर तू काय म्हणशील. तो तिथे पाणी मागतोय, आणि हिच्या डोक्यात मी."

तो काठी टेकत उतरला आणि भेटायला आलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे एक बाई होती, कडेवर लहान मूल. लुडगरने खिशातून ओळखपत्र काढून हातात धरून ठेवलं, दार उघडायला अजून वीस मिनिटं होती तरी.