सूनबाई, जरा दम धर!

मित्रांनो, मी व्यायामशाळेतला एक जुना बार आहे. बार म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या अडकवायचा पोलादी दांडा. नवा होतो तेव्हा लख्ख चकाकायचो. आता असंख्य तळहातांनी घासून गुळगुळीत झालो आहे आणि मधोमध किंचित वाकलोही आहे. त्यावरून कुणी नाक मुरडलं की मला भारी राग येतो.

माझा खेळ पॉवरलिफ्टिंगचा. मला खांद्यांवर घेऊन खाली बसायचं नि उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर आडवं होऊन छातीवरून वर ढकलायचं, ती बेंच प्रेस. जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, ती डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन संधी मिळतात आणि तिन्ही प्रकारांतल्या सर्वांत जड वजनांची बेरीज होते.

माझी लाडकी म्हणजे सूनबाई. ती पेशाने नर्स. आमचे उस्ताद तिचे सासरे, त्यांनीच तिला हा नाद लावला. वॉर्डात हाक यायच्या आत धावायची तिची सवय इथे मात्र नडायची. छातीवर टेकवल्यावर पंच ‘प्रेस’ म्हणेपर्यंत मला स्थिर धरायचं असतं. ही आधीच ढकलून मोकळी!

“अगं, पेशंट नाही तो, लोखंड आहे. जरा दम धर!” सासरे कपाळाला हात लावायचे.

तिची पहिली स्पर्धा आमच्याच व्यायामशाळेत झाली. स्क्वॉट छान झाला. बेंच प्रेसच्या पहिल्या संधीला तिने घाई केली आणि पंचांचे लाल दिवे लागले, म्हणजे संधी बाद. दुसऱ्या वेळीही तेच. तिसरी हुकली तर ती स्पर्धेतूनच बाद होणार होती. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने मला छातीवर टेकवलं. तिच्या काळजाची धडधड मला थेट जाणवत होती. पंच गप्प. थांब गं बाई, मी मनात म्हणत होतो. पण या वेळी तिने मला ढकललं नाही.

“प्रेस!”

मी वर गेलो. वरही ती पंचांचा ‘रॅक’ हा हुकूम ऐकेपर्यंत थांबली, मगच मला खुंट्यांवर ठेवलं. तिन्ही दिवे पांढरे! ती तिथेच रडायला लागली.

“रडतेस काय, वेडे? डेडलिफ्ट काय मी करू?” सासरे म्हणाले आणि स्वतःच डोळे पुसू लागले.

मित्रांनो, काम झालं की मला कोरड्या फडक्याने पुसत जा, घामाने मी गंजतो. उगाच आपटू नका. आणि अंगात कितीही ताकद असली तरी मला एकट्याने छातीवर घेऊ नका. डोक्याशी आपलं माणूस उभं असू द्या. मी फार जड आहे हो, आणि मला स्वतःहून थांबता येत नाही.