हत्तीशेजारची खुर्ची

श्यामलाच्या मायेला तोड नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती! तिच्या लेकीला, तनयाला मंडईपाशी टेम्पोचा धक्का लागला आणि नडगीचं हाड मोडलं. जखम उघडी, म्हणून प्लास्टर न घालता डॉक्टरांनी हाडात पिना घालून त्या पायाबाहेर एका सळीला जोडल्या. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकणारी ही बाई, पण पिनांभोवती पुसताना दर बोळ्याला 'दुखतंय का' विचारायची.

डॉक्टरांनी कुबड्या देऊन चालायला सांगितलं होतं. श्यामलानं मात्र पाऊल टेकायचंच नाही असा घरात कायदा केला. पोरीला मोरीतसुद्धा उचलून न्यायची. परिणाम काय, तर एक्स-रेत हाड जुळायचं नाव नाही.

"सळी मी बसवली, पाऊल तुम्ही धरून ठेवलंय," डॉक्टर प्रेमला केतकर म्हणाल्या. "भार पडला नाही तर हाड जुळणार कसं? असंच चाललं तर पुन्हा ऑपरेशन."

श्यामला घाबरली, आणि घाबरून आणखीच जपायला लागली. आता हिला काय म्हणावं!

नवरात्र आलं. तनयाचा भोंडला चुकू नये म्हणून श्यामलानं तो आपल्याच गच्चीवर ठेवला. पाटावर हत्ती काढला, फुलं वाहिली, आणि शेजारी मऊ उशी घालून खुर्ची मांडली. तनयाला तिथं बसवलं अन् पोरींनी दोघांभोवती फेर धरला. काय झकास सोय केली, असं श्यामलाला वाटलं. तनया मात्र पहिल्याच गाण्याला लालबुंद झाली. फेर मुलींनी धरायचा, मध्ये बसायचं ते हत्तीनं. हे कसब्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दुसरं गाणं सुरू झालं तशी ती उठली. कुबड्यांवर फेरापाशी गेली, त्या कठड्याला टेकवल्या आणि मैत्रिणीचा, राजनंदिनीचा हात धरला. श्यामलानं धावत जाऊन पोरीचं कोपर घट्ट पकडलं.

तनयानं पाऊल टेकलं. तोंड वाकडं झालं, मग हळूहळू सरळ झालं.

"आई, कोपर सोड," ती म्हणाली. "हात दे."

श्यामलानं कोपर सोडलं आणि हात दिला. तिचा, श्यामलाचा, दुसरा हात कुणा पोरीनं आपणहून धरला. फेर संथ झाला, पण कुणी कुरकुरलं नाही. तनया लंगडत, सळी मिरवत, सगळ्यांत मोठ्यानं गात होती. आणि श्यामला, डोळे पुसायला एकही हात मोकळा नसल्यामुळे, तशीच रडत, हसत, गाण्याचे शब्द चुकवत तिच्याबरोबर फिरत राहिली.