मुंगी न शिरणारं कपाट

सासऱ्यांनी चाळीस वर्षं दारं, खिडक्या, कपाटं केली आणि अखेरचं कपाट केलं ते सुनेच्या कॉम्प्युटरसाठी. त्यानंतर हात थरथरू लागला आणि त्यांनी रंधा गुंडाळून ठेवला. कपाट मात्र असं देखणं, की आल्यागेल्याला आधी तेच दाखवलं जाई. "यात मुंगीसुद्धा शिरणार नाही," असं ते दाराचा सांधा चाचपत सांगत, आणि ते अगदी खरं होतं. मुंगी शिरत नव्हती आणि हवाही शिरत नव्हती.

सून घरी बसून कार्टूनपट करायची. चित्रं हलती करायला तिच्या ग्राफिक्स कार्डला तासन्‌तास राबावं लागे आणि राबलं की ते तापे. म्हणून ती कपाटाचं दार सताड उघडं ठेवून काम करी. पण अकराच्या सुमाराला सपातांची फटफट ऐकू आली, की हातातलं टाकून आधी दार लावी. सासरे चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी बसत. त्यांच्या शेवटच्या कामात खोट आहे, हे सांगायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. तेवढ्या वेळात कार्डाचे पंखे बोंबलू लागत आणि एखाद्या दिवशी कॉम्प्युटर चक्क मान टाके.

शेवटी तिने ठरवलं, की कार्डाचा मूळचा कूलर काढून तीन पंख्यांचा मोठा बसवायचा. कपाटाला हात न लावता काम भागेल, अशी तिची भाबडी समजूत.

दुरुस्तीवाला आला. त्याने जुना कूलर उतरवला, चिपची उष्णता कूलरकडे नेणारी, पण वाळून खडक झालेली पेस्ट पुसून ताजी लावली आणि नवा कूलर आवळला. कपाटावरच्या पडद्यावर कार्डाच्या तापमानाचा आकडा आला, पासष्ट अंश. आवाज तर नाहीच. सून खुशीत आली, तोच सपाता वाजल्या. तिने धाडकन दार लावलं.

"अहो ताई, दार कशाला..."

तिने डोळे वटारले.

सासरे येऊन बसले, चहाचा पहिला घोट घेतला. आकडा चढू लागला. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. नव्वदीला टेकला तेव्हा तिन्ही पंखे एका सुरात कोकलायला लागले. दुरुस्तीवाल्याला ही बेअब्रू सोसवेना.

"काका, कूलर चांगला आहे हो. तुमच्या कपाटात गरम हवा कोंडतेय. हा बिचारा तीच तीच हवा फिरवत बसलाय, दुसरं काय करणार?"

सुनेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि दारावर तळवा टेकवला. लाकूड चांगलंच तापलं होतं.

"मी आलो की तू रोज दार लावतेस, ते यासाठी?"

"हो, बाबा. उघडं दिसलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला वाटायचं, मी आलो की तू काम आवरतेस, तुला ते मला दाखवायचं नाही. म्हणून मी पटकन उठायचो. कढत चहा घशाखाली ढकलून रोज जीभ भाजते गं माझी!"

सुनेला आधी हसू फुटलं आणि मग डोळेच भरून आले.

सासरे उठून गेले ते कानावर पेन्सिल लावूनच परतले. कॉम्प्युटर बाहेर काढायला लावून त्यांनी मागच्या फळीवर भोकांसाठी खाली दोन आणि वर दोन रांगा आखल्या. रेघा नागमोडी आल्या, तरी त्यांनी पर्वा केली नाही. ड्रिल मात्र सुनेच्या हाती दिलं.

"सरळ धर. रेटू नकोस, त्याचं त्याला कापू दे."

भोकं पडली, भुसा झाडला, कॉम्प्युटर आत गेला, दार लागलं. आकडा अडुसष्टावर जाऊन बसला तो हलेचना. दुरुस्तीवाला कॉलर ताठ करून गेला.

"आता मुंग्या शिरणार हो," सासरे म्हणाले, पण तोंडभर हसत.

सुनेने दुसरा चहा आणला. पडद्यावर तिचं कासव डोंगर चढत होतं.

"हे उलटं पडलं तर?"

"बसा ना, दाखवते."

चहावर साय धरली, तरी ते उठले नाहीत.