साखर नसलेलं घर

"आमू, यांना दरदरून घाम फुटलाय. हात थरथरतायत. मलाच विचारतायत, कारखान्याचा भोंगा झाला का म्हणून."

आईचा फोन आला तेव्हा मी धायरी फाट्यावर रिक्षात अडकले होते. बाबांना दोन दिवस लघवीला जळजळ होत होती, त्यांना डॉक्टरांकडे न्यायला मी खडकीला निघाले होते. पुढची बस काही केल्या हलत नव्हती.

"मशीनवर शुगर बघ."

"बावन्न."

सत्तरच्या खाली म्हणजे धोका. "पाण्यात तीन चमचे साखर घाल आणि पाज. आत्ता!"

आई हळूच म्हणाली, "घरात साखर कुठंय गं?"

खरंच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी बाबांना मधुमेह निघाला, तेव्हा साखर, गूळ, मध सगळं मीच घराबाहेर काढलं होतं. आईला शपथ घातली होती. तिनं ती इतकी पाळली की पाहुणे चहाला यायचे बंद झाले.

"सुरय्याभाभींकडे पळ!"

आई फोन टेबलावर ठेवून शेजारी धावली. मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. "बाबा, बोला ना माझ्याशी!" मी ओरडत होते. बाबा काहीतरी पुटपुटले, मग तेही थांबलं. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं आणि न विचारता गाडी गल्लीत घातली.

मग चपलांचा आवाज. पेल्यात चमचा वाजला. भाभी म्हणाल्या, "दशरथभाऊ, घोट घ्या. हां, अजून एक."

पंधरा मिनिटांनी आईनं सांगितलं, "चौऱ्याऐंशी." मला रडू फुटलं, आणि लगेच रागही आला. "सकाळी काय खाल्लं होतं बाबांनी?"

"काही नाही. भूक नाही म्हणाले. शुगरची गोळी मात्र आठाच्या ठोक्याला घेतली."

घेणारच. बत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलेला माणूस, पोट रिकामं असलं तरी वेळ चुकवायचा नाही.

"आणि जळजळीवर डब्यातली एक घेतली. काल दोन घेतल्या होत्या."

बिस्किटांच्या त्या डब्यात घरभरच्या उरलेल्या गोळ्या असतात. बाबा काहीही टाकत नाहीत. "ते पाकीट बरोबर घे," मी म्हणाले.

मी पोचल्यावर आम्ही त्यांना तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "हे अँटिबायोटिक शुगरच्या गोळीबरोबर साखर एकदम खाली आणू शकतं. त्यात उपाशी पोट. साखर पुन्हा उतरू शकते, उद्यापर्यंत इथंच राहायचं. कुणी दिली ही गोळी?"

"डब्यात होती," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. गेल्या वर्षी मला अशीच जळजळ झाली, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून मी याच गोळ्यांचा कोर्स अर्धा सोडला होता. उरलेलं पाकीट त्या डब्यात टाकताना मीच म्हणाले होते, असू दे, कुणाला तरी लागेल.

"मी दिली," मी म्हणाले.