दारापेक्षा रुंद

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. ज्यांनी मला घडवले ते कारागीर आज समोर आले तरी "ही कोणाची?" असेच विचारतील. मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे माणसांना एक लांब सीट, मागे सामानासाठी उघडा हौदा आणि अंगावर फिकट निळा रंग, असा माझा मूळ थाट होता. सध्या मी एका सुताराच्या वर्कशॉपमध्ये उभी असते. 'असते' हा शब्द माझ्या अब्रूखातर वापरला. खरे सांगायचे तर अडकून पडले आहे.

मी नवी होते तेव्हा हा सुतार तरुण होता. त्याची एक शिस्त होती. कपाट करायला घेण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या घरी जाई आणि आधी दार मोजून येई. "कपाट कितीही देखणं झालं आणि दारातून आत गेलं नाही, तर ते कपाट कसलं? अंगणातली जास्तीची खोली!" असे तो म्हणे. त्याची कपाटे, टेबले, पाळणे मी वर्षानुवर्षे वाहिले. थंडीत सकाळी मला शेजाऱ्यांचा धक्का लागे, पण एकदा निघाले की मी कुणाचे पाळणे कधी उशिरा पोहोचवले नाहीत.

सुताराची लेक नेहमी माझ्या सीटवर खिडकीजवळ बसे. सीट फाटली तेव्हा तिने सोफ्याच्या उरलेल्या कापडातून कव्हर शिवले. शाळकरी पोर ती. शिवण अशी वाकडीतिकडी गेली की जणू नुकतेच चालू लागलेले बाळ. बाप म्हणाला, "झकास!" आणि पुढे कायम त्याच कव्हरवर बसला. माझ्या अंगावरचा तो पहिला बदल. त्याने माझी किंमत वाढली की घटली, हे कोणी विचारले नाही.

पुढे सुताराचे गुडघे गेले, रंधा खुंटीवर गेला, आणि घरात जावई आला. माणूस वाईट नव्हता हो. ऑफिसात नोकरी, गोड स्वभाव, फक्त हात शिवशिवत. तो मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघे आणि मग माझ्याकडे बघे.

"बाबा, ही नुसती गाडी नाही, क्लासिक आहे," तो सासऱ्याला म्हणाला. "थोडी सुधारली तर किंमत कुठल्या कुठे जाईल बघा!"

किंमत खरोखरच कुठल्या कुठे गेली. दिशा तेवढी त्याने सांगितली नव्हती.

आधी माझे इंजिन काढले आणि कुठल्याशा दांडगट गाडीचे बसवले. ते सुरू झाले की शेजारच्या घरातले बाळ रडायला लागे. मग चासी, म्हणजे माझा खालचा सांगाडा, कापून मला उंच केले. खाली पसरट चाके आली, आणि ती झाकायला माझे मडगार्ड कापून तिथे रुंद पत्रे वेल्डिंगने जोडले. रंग नारिंगी दिला. हे सगळे तिथल्या तिथे, वर्कशॉपमध्येच चालले होते. काढलेला प्रत्येक भाग 'अडगळ' म्हणून भंगारवाल्याकडे गेला. म्हातारा सुतार मात्र खुशीत होता. स्टुलावर बसून जावयाला दिवा धरायचा. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत ठोकाठोक ऐकू येत होती ना!

तिकडे लेकीने सोफा-खुर्च्यांची कव्हरे शिवायचा धंदा सुरू केला होता. एका मोठ्या सभागृहाच्या सगळ्या खुर्च्या तिच्याकडे येणार होत्या. पहिलेच मोठे काम. तिचे जड शिलाई मशीन माझ्या मागे, भिंतीला लागून, ताडपत्रीखाली अडकले होते. जशी मी, तसेच ते.

"अहो, खुर्च्या यायच्या आत मला ही जागा मोकळी हवी," तिने बजावले. "गाडी जाईल, नाहीतर माझं काम जाईल. काय ते ठरवा."

जावयाने जाहिरात दिली. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. पांढरी पँट घालून ते बिनदिक्कत माझ्याखाली शिरले.

"मूळ इंजिन कुठंय?"

"काढलं. हे दुप्पट ताकदीचं आहे."

"ते कुठंय, म्हणतोय मी."

"भंगारात."

गृहस्थ बाहेर आले. "नवे ब्रेक बसवलेत ते छान केलंत. नट-बोल्टचं काम, उद्या काढता येतं. पण चासी कापलीत, मडगार्ड कापलेत. कापलेलं परत उगवत नाही, साहेब. जशी होती तशी ठेवली असती, तर मागाल ते दिलं असतं."

"अहो, पण मी केवढा खर्च केलाय!"

"खर्च तुमचा, हौस तुमची. ती माझ्याकडून का वसूल करताय?" जाता जाता त्यांनी खिडकीतून आत डोकावले. "सीटकव्हरसुद्धा मूळ नाही."

"ते मी शिवलंय," लेक म्हणाली.

"हो का? शिवण जरा वाकडी आहे."

"माहितीये."

मग एक हौशी तरुण आला. त्याच्या शर्टावरसुद्धा गाडीच होती. मला बघून तो हरखला. त्याने देऊ केलेली रक्कम ऐकून जावयाचा चेहरा उतरला, पण बायको कमरेवर हात ठेवून उभी होती, तेव्हा सौदा झाला. हौशी माणूस आत बसला. इंजिन गरजले, शेजारचे बाळ रडले, मी पुढे सरकले. किती दिवसांनी ऊन दिसत होते!

कर्रर्र.

डावा मडगार्ड दाराच्या खांबाला लागला. मला थोडे उजवीकडे घेतले, तर उजवा लागला. म्हाताऱ्याने खुंटीवरची टेप काढली. दार मोजले, मग मला मोजले, मग पुन्हा दार मोजले, जणू दार लाजून थोडे सरकले असेल.

"वीतभर," तो म्हणाला.

"मडगार्ड कापू," जावई म्हणाला.

"छे! मग मला कशाला हवीय? त्या मडगार्डांवरच तर जीव जडला माझा," म्हणत हौशी खाली उतरला.

"मग खांब फोडू."

"जावईबापू, त्या खांबांवर वरची खोली उभी आहे. आणि त्या खोलीत तुम्ही झोपता."

लेक बापाकडे वळली. "बाबा, जन्मभर लोकांची दारं मोजलीत ना?"

म्हातारा टेप गुंडाळत राहिला. "घरच्या गाडीला कोण मोजतं गं?"

दुसऱ्या दिवशी भंगारवाला गॅस कटर घेऊन आला. "इथंच तुकडे करतो आणि वजनावर नेतो," तो म्हणाला. जावयाने मान खाली घालून होकार दिला. मित्रांनो, त्या वेळी मला पळावेसे वाटले. पण पळणार कुठून? दार तर तेच.

"आधी सीट काढतो, पेट घेईल," म्हणत त्याने कव्हर ओढले. ती वाकडी शिवण ताणली गेली, पण उसवली नाही.

"थांबा," लेक म्हणाली. तिने शिवणीवर हात ठेवला आणि ओढलेले कव्हर पुन्हा सीटवर बसवले. "दादा, तुमची फेरी वाया गेली. चहा घेऊन जा."

मग तिने पदर खोचला आणि दोघा पुरुषांना कामाला लावले. शिलाई मशीन वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून बाहेर निघाले. कसे निघाले, विचाराल? ते जसे घडवले होते तसेच राहिले होते, म्हणून. घराची पुढची खोली तिचे दुकान झाली. खुर्च्या आल्या, शिवून वेळेवर गेल्या, त्यांच्या मागून दुसऱ्या आल्या. पुढच्या खोलीतला टीव्ही आणि जावई यांची रवानगी माझ्याकडे झाली.

"मी काय म्हणतो," परवा जावई म्हणाला, "उद्या घर विकायचं झालं तर गाडीसकट विकू. किंमत वाढेल."

"हो, आणि जावयासकट काढलं तर उतरेल," लेकीने दोरा दाताने तोडत म्हटले.

म्हातारा दुपारी येतो आणि माझ्या सीटवर बसून स्टिअरिंग धरतो. आम्ही दोघे दाराबाहेरचा रस्ता बघतो. कधी तो नुसताच म्हणतो, "वीतभर गं."

मित्रांनो, नव्याची हौस जरूर करा. पण काढलेला भाग अडगळ म्हणून देऊन टाकू नका, आणि जे परत जोडता येत नाही ते कापताना हात जरा आखडा. आणि ज्याला बदलायला घ्याल, मग ती गाडी असो की माणूस, आधी त्याचे बाहेर पडायचे दार मोजून घ्या.